पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या.

पूर्वायुष्य

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या त्या कन्या. दुष्काळातील उपासमारीत आईवडील व थोरली बहीण दगावली. १८८० मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्री आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेसह पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

बाप्तिस्मा

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे त्यांच्या सहकारी आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती श्रद्धेनुसार बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताच्या मरणात व पुनरुत्थानात सहभागी होऊन नवजीवनात प्रवेश करतो. या धर्मांतरामुळे महाराष्ट्रात खळबळ उडाली. मात्र त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंनी निमूटपणे स्वीकारला नाही. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म गवसला, ख्रिस्ताची ओळख काही वर्षांनी पटली, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे.

मुक्ती मिशन व अखेर

दुष्काळाने ज्यांचे घर उद्ध्वस्त केले, त्याच रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळातील शेकडो निराधार स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तल्या. एकुलत्या एका कन्येच्या वियोगानंतरही त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून हाती घेतलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले. पुढच्याच वर्षी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.