आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवते? तिचा चेहरा ठरवणारा माणूस मळवलीच्या प्रेसपायी कर्जात गेला होता

लाल कमळावर उभी लक्ष्मी, चार हात, अंगावर जरीकाठाची साडी, मागे पाणी आणि बाजूला हत्ती. कॅलेंडरवर, वाण्याच्या गल्ल्यामागे, आजीच्या देवघरात ही तसबीर तुम्ही हजार वेळा पाहिली असेल. देवी अशीच दिसते हे आपल्याला इतकं पाठ झालंय की ती कुणीतरी काढलीय हेच डोक्यात येत नाही.

ती काढली राजा रविवर्मा यांनी.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे घरातच, मामाकडून मिळाले. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या राजवाड्यात पोहोचले. तिथे तैलरंग शिकवायला कुणी तयार नव्हतं. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला होता, त्याचं काम बघून बघून पोरानं तंत्र उचललं. पुढे १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं. मग काय, राजेरजवाड्यांची रांगच लागली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातले १४ प्रसंग रंगवून घेतले. ही चित्रं लोकांसाठी खुली ठेवली तेव्हा बघायला झुंबड उडाली. पण अडचण अशी की मूळ चित्र एकच, आणि तेही राजवाड्यात जाणार. सामान्य माणसाच्या हाती काय? चित्रांच्या छापील प्रती काढा, असा सल्ला दिवाण टी. माधवराव यांनी आधीच देऊन ठेवला होता.

तो सल्ला १८९४ मध्ये प्रत्यक्षात आला. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा यांनी मुंबईत प्रेस टाकली. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. इथून जे निघायचं त्याला ओलिओग्राफ म्हणतात. एकेका रंगासाठी वेगळा दगड, कागद प्रत्येक दगडावरून जाणार, आणि एक रंग जरी केसभर सरकला तरी देवीचा चेहरा बिघडणार. शेवटी वरून वॉर्निश, म्हणजे कागद तैलचित्रासारखा चमकतो. पहिलं छापलेलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. लक्ष्मी, सरस्वती त्यानंतर घराघरांत गेल्या. लोक या तसबिरींना जर आणि टिकल्या लावून नटवायचे.

खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्यांना देवळाची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांच्या भिंतीवरही आता देव आला. पुजारी नको, परवानगी नको. मला विचाराल तर व्हिएन्नाच्या बक्षिसापेक्षा हे मोठं.

पण धंद्याचं गणित जमेना. मुंबईत प्लेग आला, प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावी लागली. कर्ज वाढतच गेलं. शेवटी भावांनी प्रेस विकली, तीही आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला. सोबत चित्रं छापण्याचे हक्कही गेले. श्लायशरनं त्या चित्रांवर धंदा चालवून दाखवला. (याच प्रेससाठी एक मराठी तरुणही काम करून गेला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच. राजा हरिश्चंद्रवाले.)

चित्रकार म्हणून मान मिळतच होता. १९०४ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पण पुढच्याच वर्षी राजा राजा वर्मा गेले. प्रवासात, हिशेबात, चित्रात, सगळीकडे सोबत असलेला भाऊ. २ ऑक्टोबर १९०६ ला रविवर्माही गेले.

मळवलीची प्रेस त्यांच्यामागे अनेक दशकं चालली. १९७२ मध्ये तिथे आग लागली आणि बरंच काही जळालं. जुन्या तसबिरी मात्र अजून वाड्यांत, माळ्यांवर, भंगारवाल्यांकडे सापडतात. घरात एखादी असेल तर फ्रेमच्या खालच्या कडेला बारीक अक्षरं बघा. तिथे रविवर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत छापलेलं असेल, तर ती रद्दीत देण्याआधी एखाद्या जाणकाराला जरूर दाखवा.