जहाजं नंतर आली, आधी मातीकाम!

जहाज, विमान, मोटार… वालचंद हिराचंद म्हटलं की हेच आठवतं. पण सोलापूरच्या या पोराचा पहिला धंदा होता रेल्वेच्या भरावावर माती टाकण्याच्या कंत्राटाचा. तेव्हा तो तुमच्या-माझ्याच वयाचा होता.

अशोक चौकातून तुम्ही रोज जात असाल. वालचंद कॉलेज, डब्ल्यूआयटी, समोरचा चहा, सबमिशनची धावपळ. ‘वालचंद’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा तरी उच्चारतो. मागच्या आठवड्यात कट्ट्यावर मी सहज विचारलं, हे वालचंद नक्की कोण होते? कुणी विमानाचा कारखाना सांगितला, कुणी जहाज कंपनी, एकानं साखर कारखाना. सगळी उत्तरं बरोबर होती. पण त्यांचा पहिला धंदा कुठला, हे कुणालाच सांगता आलं नाही. खरं सांगू? हा लेख करायला घेईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. जहाज तुम्ही-मी विकत घेणार नाही. पण एखादं छोटं काम अंगावर घेणं, ते वेळेत करून देणं आणि त्यातून दुसरं काम मिळवणं, हे आपल्यापैकी कुणालाही करून बघता येईल.

घरचा धंदा तयार, पण मन लागेना

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापूरचा. घर दिगंबर जैन, मूळ गुजरातकडचं, पण इथे रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे गावातलं मोठं नाव. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद अगदी तान्हा असतानाच आई गेली. (अरेतुरे करतेय म्हणून रागावू नका. गोष्टीच्या या भागात तो आपल्यापेक्षाही लहान आहे!)

सोलापूर तेव्हा बदलत होतं. जुनी मिल १८७७ मध्ये उभी राहिली होती, रेल्वे आलेली होती, कापसाला भाव होता. अशा गावात कापसाचा व्यापार असलेल्या घरातल्या मुलाचं आयुष्य जवळपास ठरलेलंच. शाळा करायची, हिशेब शिकायचा आणि पेढीवर बसायचं.

१८९९ मध्ये वालचंद मॅट्रिक झाला. मग मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, नंतर पुण्यात डेक्कन कॉलेज. पण पदवी काही पूर्ण झाली नाही. शिक्षण अर्धवट सोडून तो सोलापूरला परतला आणि घरच्या व्यवसायात आला. तिथे त्याचं मन रमेना. व्याजाचे आकडे आणि कापसाच्या गाठी यात आयुष्य घालवायचं नाही, एवढं त्याला कळलं होतं. पण मग करायचं काय?

ओळखीचं वाटतंय ना? काय नको ते पक्कं माहीत असतं, काय हवं ते सापडत नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच अवस्था आहे.

फाटक भेटले आणि गाडी रुळावर आली

आता या गोष्टीत एक माणूस येतो, ज्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. लक्ष्मण बळवंत फाटक. हे रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते कंत्राटदारीत उतरले होते. रेल्वेचं काम कसं निघतं, दर कसे लावतात, मोजमाप कसं होतं, बिल कुठे अडतं, हे सगळं त्यांनी आतून पाहिलेलं. त्यांच्याकडे माहिती होती, भांडवल नव्हतं.

वालचंदकडे नेमकं उलटं होतं. घराण्याची पत होती, पैसा उभा करता येत होता, पण मातीकामाचं ओ की ठो माहीत नव्हतं.

दोघांनी भागीदारी केली. साल १९०३च्या आसपासचं, म्हणजे वालचंद वीस-एकवीस वर्षांचा. पुढे ही भागीदारी ‘फाटक-वालचंद’ नावानं ओळखली जाऊ लागली. नावाचा क्रम बघा. ज्याचा पैसा त्याचं नाव मागे, ज्याला काम येतं त्याचं नाव पुढे.

आणि पहिलं काम कुठलं मिळालं? कुठलं तरी लांबचं, भव्यदिव्य नाही. आपल्या शेजारचंच. बार्शी लाइट रेल्वेचं.

ही रेल्वे म्हणजे आपल्या भागातली एक भारी गोष्ट आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज लाइन. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. पुढे ही लाइन एका बाजूला पंढरपूरकडे आणि दुसऱ्या बाजूला लातूरकडे वाढत गेली. या लातूरकडच्या वाढीत येडशी ते तडवळे असा एक टप्पा होता. त्याचं काम फाटक-वालचंद जोडीकडे आलं. आज लातूरच्या गाडीत बसून तुम्ही येडशी ओलांडता तेव्हा खिडकीतून बाहेर बघा. लाइन आता ब्रॉडगेज झालीय, पण सुरुवात त्याच मुलखातली.

कंत्राट म्हणजे काय रे भाऊ?

आपण स्टार्टअप म्हटलं की अॅप डोळ्यांसमोर आणतो. पण जगातले बहुतेक धंदे वस्तू विकत नाहीत, काम विकतात. कंत्राटदार काय विकतो? एक शब्द. अमुक तारखेला, अमुक दरात, अमुक काम पुरं करून देतो, एवढाच.

रेल्वेचं मातीकाम म्हणजे खोलगट जागी भराव, उंचवट्यावर खोदाई, ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या, वर खडी. यंत्रं नव्हती. कुदळ, फावडं, पाटी आणि माणसं. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसाळ्यात चिकटून बसणारी. पाऊस सुरू झाला की काम थांबणार, पण कराराची तारीख थांबत नाही.

त्यात पैशाचं गणित सगळ्यात अवघड. मजुराला मजुरी वेळच्या वेळी द्यावी लागते. त्याचं घर बाजाराच्या दिवसावर चालतं. रेल्वे मात्र आधी काम मोजणार, मग बिल पास करणार, मग पैसे देणार. म्हणजे खर्च आज आणि कमाई काही महिन्यांनी. मधला खड्डा स्वतःच्या खिशातून भरायचा. कितीतरी चांगले कारागीर याच खड्ड्यात पडतात. काम येत असतं, पण थांबायची ताकद नसते.

माझी एक मैत्रीण अक्कलकोट रोड एमआयडीसीत डबे पुरवते. स्वयंपाक मावशी करते, हिशेब ही बघते. तिला वालचंदची ही गोष्ट सांगितली तर ती हसायलाच लागली. तिचंही सेम. भाजी रोख, गॅस रोख, डब्याचे पैसे महिनाअखेरीला, तेही मागून मागून. पहिल्याच महिन्यात तीस डब्यांची ऑर्डर आली तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी तिला घाम फुटला होता. तीस डब्यांचं पीठ-तेल आणायला पैसेच नव्हते! शेवटी तिनं पंधराच डबे घेतले, ते नीट चालवले आणि दोन महिन्यांनी तीसवर गेली.

फाटक-वालचंद जोडीचं बळ इथेच होतं. फाटकांना दर कळत होता, त्यामुळे काम अंगलट येईल असा भाव भरला जायचा नाही. आणि बिल येईपर्यंत तग धरायची ताकद वालचंदच्या बाजूनं होती. दोघांपैकी एकजण जरी नसता तरी पहिलंच काम शेवटचं ठरलं असतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वालचंद शून्यातून वर आले, असं म्हणता येणार नाही. पाठीशी घराणं होतं. प्रत्येकाला ते मिळत नाही. आणि ज्यांनी प्रत्यक्ष माती उचलली, त्यांची नावं कुठल्याच कॉलेजला नाहीत. पण हेही खरं, की तशी घराणी सोलापुरात आणखीही होती. पेढी सोडून उन्हातान्हात भरावाच्या कामात पैसा घालणारा हा एक निघाला.

एका कामातून दुसरं

बार्शीच्या कामानंतर कामं वाढत गेली आणि जोडी मुंबईकडे सरकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराची बांधकामं मिळाली. १९२० मध्ये टाटांच्या सोबतीनं टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. १९२६ मध्ये वालचंद यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मुंबई-पुणे मार्गावर भोर घाटातले रेल्वे बोगदे हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुण्याहून मुंबईला जाताना त्या बोगद्यांत आपण मोबाइलची रेंज गेली म्हणून कुरकुरतो, बस! याच कंपनीनं पुढे कोयना धरण बांधलं आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सी लिंकही. येडशीच्या भरावापासून सी लिंकपर्यंत धंदा एकच, दुसऱ्याचं काम अंगावर घेऊन पुरं करून देणं.

जहाजाची गोष्टही याच धाग्यातली. माल वाहून नेणं हीसुद्धा सेवाच. त्या काळी भारताचा समुद्री व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाची बोट घेतली. महायुद्धात ती हॉस्पिटल शिप होती. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस.

भाषणात इथपर्यंतच सांगतात. पुढचं ऐका. बोट जुनी होती, परवडेना. काही वर्षांतच ती भंगारात काढावी लागली. ब्रिटिश कंपन्यांनी वाहतुकीचे दर इतके पाडले, की नव्या कंपनीनं दम तोडावा. शेवटी १९२३ मध्ये तडजोड झाली आणि सिंदियाला मुख्यतः किनारी वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. पण कंपनी टिकली. १९२९ ते १९५० वालचंद तिचे अध्यक्ष होते.

हातातून सुटलेलं

मग याद्या मोठ्या होत गेल्या. मालेगावजवळचं रावळगाव, इंदापूर तालुक्यातल्या कळंब परिसरात उभं राहिलेलं वालचंदनगर. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना, जिथून १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. मुंबईची जुनी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची.

पण यातलं किती त्यांच्या हाती राहिलं? विमान कारखाना १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, सरकारनं ताब्यात घेतला. जहाजबांधणीचा कारखाना १९५२ मध्ये सरकारकडे गेला. तब्येतीनं साथ सोडल्यावर १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला गेले.

उभं केलेलं सगळं आपल्याच नावावर राहत नाही. पण ते दोन्ही कारखाने आजही देशासाठी काम करतात. बंगळूरचा तो कारखाना म्हणजेच आजचं ‘एचएएल’.

मग आपण काय घ्यायचं?

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला बघा, बॅगा घेतलेली आपलीच पोरं. सोलापुरात काय ठेवलंय, हा डायलॉग आपण सगळ्यांनी मारलाय. मीही. जायला हरकत नाही, वालचंदही मुंबईला गेलेच की. पण ते काम मागायला गेले नाहीत, केलेलं काम पाठीशी घेऊन गेले. ते पहिलं काम त्यांना सोलापूरच्या शेजारीच मिळालं होतं.

तुम्हीही काही सुरू करायच्या विचारात असाल, तर कागद घ्या आणि एवढंच लिहा:

• माझ्याकडे काय आहे, काय नाही? जे नाही ते ज्याच्याकडे आहे, असा एक माणूस शोधा. आपल्यासारखाच दुसरा मित्र घेतलात तर दोघांकडे तेच असेल आणि तेच नसेल.

• पैसे कधी जाणार, कधी येणार? दोन तारखांमधले दिवस मोजा. तेवढे दिवस निघतील एवढंच काम घ्या.

• पहिलं गिऱ्हाईक किती लांब आहे? एसी दुरुस्ती असो, डबा असो, लग्नाचे फोटो असोत. पहिलं काम असं घ्या, की बिघडलं तर स्वतः जाऊन नीट करता येईल.

• नाव कुणाचं पुढे? ज्याला काम येतं त्याचं.

आणि उद्या अशोक चौकातून जाताना गेटवरचं नाव वाचाल, तेव्हा मनातल्या मनात त्याच्या आधी अजून एक नाव लावा. फाटक. तीन अक्षरांचंच तर आहे.