टर्बोचे जनक आल्फ्रेड ब्यूखी
आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. धुराबरोबर वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चक्र फिरवून इंजिनालाच अधिक हवा पुरवावी, या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये नोंदवले. यशाने मात्र वीस वर्षे हुलकावणी दिली. उलगडा झाला तो नळ्यांच्या रचनेत. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडला, तर एकाचा दाब दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून १९२५ मध्ये त्यांनी सिलिंडरांचे गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र, अरुंद नळी दिली. त्याच सुमारास दोन जर्मन जहाजांची इंजिने टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. ब्यूखी १९५९ मध्ये निवर्तले. आज टर्बो मोटारीसाठी बाजारातून नवा मॅनिफोल्ड निवडणारे बहुधा चकाकीच पाहतात. जाणकार नळ्यांची विभागणी तपासतो, ती ब्यूखींचीच.