विश्लेषण : अपघात नाही, सिग्नल नाही, तरीही कोंडी का? रस्त्यावरच्या लाटेचे गणित मांडणारे जेम्स लाइटहिल कोण होते?

महामार्गावर सुरळीत चाललेली वाहने अचानक थांबतात. दहा-पंधरा मिनिटे रखडल्यावर रस्ता पुन्हा मोकळा होतो. पण वाटेत ना अपघात दिसतो, ना बंद पडलेला ट्रक. मग सारे थांबले कशासाठी? या प्रश्नाचे गणिती उत्तर १९५५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लाइटहिल यांनी आपले विद्यार्थी जेराल्ड व्हिटम यांच्यासह दिले. तेव्हा ब्रिटनमध्ये पहिला मोटरवेही सुरू झालेला नव्हता. तो १९५८च्या अखेरीस खुला झाला.

लाइटहिल कोण होते?

जेम्स लाइटहिल यांचा जन्म २३ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील खाण अभियंता होते. विंचेस्टरच्या शाळेत पुढे विख्यात झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्यांचे सोबती होते. १५व्या वर्षीच केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, मात्र प्रवेश १७व्या वर्षी घेतला. अवघ्या २६व्या वर्षी ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. हवा आणि पाणी कसे वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. जेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताच्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हे त्यांनी १९५२ मध्ये दाखवले. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ध्वनीची शक्ती २५६ पट. इंजिनाचा आवाज कमी करायचा तर झोताचा वेग कमी ठेवावा लागेल, ही दिशा विमान अभियंत्यांना त्यातून मिळाली.

रस्त्याला नदी का मानले?

लाइटहिल आणि व्हिटम यांचे १९५५चे शोधनिबंध दोन होते. पहिला लांब नद्यांमधील पुराबद्दल, दुसरा लांब आणि गर्दीच्या रस्त्यांबद्दल. दोन्हींत गणित एकच होते. एकेका गाडीकडे न पाहता त्यांनी तीन गोष्टी मोजल्या : किलोमीटरमागे गाड्या किती (घनता), त्यांचा वेग किती आणि तासाला किती गाड्या पुढे जातात (प्रवाह). घनतेला वेगाने गुणले की प्रवाह मिळतो. रस्त्यावर गाड्या आपोआप निर्माण होत नाहीत आणि नाहीशाही होत नाहीत, एवढेच गृहीत धरले तरी गणित पुढे जाते. गर्दी वाढली की वेग घटतो, हे अमेरिकी अभियंता ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३०च्या दशकात कॅमेऱ्याने टिपून दाखवले होते.

कोंडी मागे का सरकते?

समजा, एका मार्गिकेत किलोमीटरला ४० गाड्या ताशी ४० किलोमीटर वेगाने येत आहेत. तासाला १६०० गाड्या झाल्या. पुढे कोंडीत किलोमीटरला १०० गाड्या ताशी ५ किलोमीटरने सरकत आहेत, म्हणजे तासाला ५००. येणाऱ्या १६०० आणि पुढे सरकणाऱ्या ५००. उरलेल्या ११०० गाड्या कोंडीच्या शेपटीला जोडल्या जातात. किलोमीटरमागे ६० जादा गाड्या मावतात, म्हणून ११०० ला ६० ने भागायचे. कोंडीची शेपटी ताशी सुमारे १८ किलोमीटर वेगाने मागे सरकते. प्रत्येक गाडी पुढेच जात असते, लाट मात्र उलट दिशेने येते.

अपघात न दिसण्याचे कारण इथे आहे. दहा मिनिटांपूर्वी तीन किलोमीटर पुढे अडथळा आला आणि तो दूरही झाला; तुमच्यापर्यंत पोहोचते ती त्याची लाट. सिग्नल हिरवा झाल्यावर रांगेतली दहावी गाडी लगेच हलत नाही, तेही याच नियमाने. तिथे मोकळे होण्याची लाट मागे येत असते.

चालकाच्या अंदाजाचे काय?

या गणिताची मर्यादाही स्पष्ट आहे. पाणी पुढे पाहत नाही, चालक पाहतो. मूळ समीकरणात गाडीचा वेग केवळ त्या जागच्या घनतेवर ठरतो. त्यामुळे कोंडीच्या तोंडाशी गाडी ४० वरून क्षणात ५ वर येते, असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात पुढचे लाल दिवे पाहून चालक आधीच पाय उचलतो आणि तो तीव्र बदल पसरट होतो. व्हिटम यांनी १९७४ च्या लाटांवरील आपल्या ग्रंथात पुढची गर्दी पाहून वेग कमी करण्याची ही सवय समीकरणात आणली.

पण प्रतिसाद द्यायला चालकाला वेळही लागतो. उशिरा दाबलेला ब्रेक जास्त जोराने दाबावा लागतो, मागच्याला त्याहून जोराने. आगाऊ अंदाज लाट शमवतो, उशीर ती वाढवतो. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळात २२ गाड्या ताशी ३० किलोमीटरने चालवायला सांगितल्या. कोणताही अडथळा नसताना काही वेळात कोंडी उगवली आणि मागे सरकू लागली. कोंडी कशी सरकते हे लाइटहिल यांचे गणित सांगते. ती अडथळ्याविना का उगवते, हे समजायला चालकाचा उशीर त्यात धरावा लागतो. तरीही वाहतुकीच्या गणिताचा पाया आजही तोच आहे.

भारताशी संबंध कोणता?

नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हिंदी महासागर कसा प्रतिसाद देतो, यावर लाइटहिल यांनी १९६९ मध्ये शोधनिबंध लिहिला. भर समुद्रात वाऱ्याने उठलेल्या लाटा पश्चिमेकडे सरकून सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा जोरदार प्रवाह उभा करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मान्सूनच्या गतिशास्त्रावरील ग्रंथाचे ते एक संपादकही होते. म्हणजे नदी, रस्ता आणि समुद्र, तिन्हीकडे शोध लाटेचाच.

पुढची कारकीर्द कशी होती?

फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेचे ते १९५९ ते १९६४ या काळात संचालक होते. १९६९ मध्ये पॉल डिरॅक यांच्यानंतर ते केंब्रिजचे ल्युकेशियन प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर तेथे आले स्टीफन हॉकिंग. कृत्रिम बुद्धिमत्तेची आश्वासने पूर्ण झालेली नाहीत, असे सांगणारा त्यांचा १९७३चा अहवाल गाजला आणि ब्रिटनमध्ये त्या संशोधनाचा निधी आटला. स्वतः लाइटहिल वेगात गाडी चालवण्याबद्दल पकडले जात. उतारावर ब्रेक दाबून ऊर्जा वाया घालवणे यांत्रिकीच्या प्राध्यापकाला शोभत नाही, असा बचाव त्यांनी केल्याचा किस्सा सांगितला जातो.

अखेर कशी झाली?

लाइटहिल पट्टीचे पोहणारे होते. इंग्लिश खाडीतील सार्क बेटाला पोहत वळसा घालणारे ते पहिले. हा पराक्रम त्यांनी १९७३ मध्ये केला. तेथील प्रवाह अवघड आहेत आणि त्यांचा अभ्यास करूनच ते पाण्यात उतरत. १७ जुलै १९९८ रोजी तोच वळसा पुन्हा घालताना, वयाच्या ७४व्या वर्षी, हृदयाची झडप फाटून त्यांचा मृत्यू झाला.