उसन्या नायकाच्या छायेत घडलेली लेखिका

एखाद्या आवडत्या पात्राला किंवा प्रत्यक्षातील लोकप्रिय व्यक्तीला नायक करून चाहत्यांनी निव्वळ हौसेखातर रचलेल्या कथांना आज ‘फॅन फिक्शन’ असे नाव आहे. हा इंटरनेटच्या युगातील पोरखेळ आहे, असा एक सर्वसाधारण समज दिसतो. ‘जेन एअर’ या अजरामर कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटे हिचे चरित्र पाहिले, की हा समज टिकत नाही. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून जवळजवळ दहा वर्षे ती नेमके असेच लेखन करीत होती. तिचा नायक होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूच्या रणांगणावर १८१५ मध्ये नेपोलियनला नमविणारा हा सेनानी महाराष्ट्राला परका नाही. आर्थर वेलस्ली या नावाने १८०३ मध्ये त्यानेच आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी निकराची झुंज दिली होती.

शार्लटचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वडील पॅट्रिक ब्राँटे हे धर्मोपदेशक. १८२० मध्ये हे कुटुंब हॉवर्थ या गावी स्थायिक झाले आणि पुढच्याच वर्षी आईचे निधन झाले. १८२५ मध्ये मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी निवासी शाळेतून क्षयाने आजारी होऊन परतल्या व काही आठवड्यांच्या अंतराने दगावल्या. नवव्या वर्षी शार्लट घरातील सर्वांत मोठे अपत्य ठरली. तिच्यामागे भाऊ ब्रॅनवेल आणि एमिली व ॲन या बहिणी होत्या.

जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. शार्लटने त्यातील एक शिपाई उचलून त्याचे नाव वेलिंग्टन ठेवले. ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला बोनापार्ट केले. या खेळातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ नावाचे काल्पनिक राज्य उभे राहिले. ‘अरेबियन नाइट्स’ वाचलेली ही चार भावंडे त्या राज्याचे जिन बनली. लढाईत पडलेल्या वीराला पुन्हा उठवून उभे करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. ज्या घरातून दोन बहिणी नुकत्याच गेल्या होत्या, त्या घरातील हा खेळ होता, हे विसरता येत नाही.

खेळाचे लेखनात रूपांतर १८२९ च्या सुमारास झाले. ‘ब्लॅकवूड्स’ या त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकाच्या धर्तीवर ब्रॅनवेलने हस्तलिखित मासिक सुरू केले आणि थोड्याच अवधीत त्याची सूत्रे शार्लटकडे आली. कथा, कविता, अगदी खोट्या जाहिरातीसुद्धा त्यात असत. ही मासिके सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच, म्हणजे काडेपेटीएवढी. शिपायांच्या हाती शोभावीत म्हणून ती इतकी चिमुकली. अक्षर छापील वळणाचे आणि इतके बारीक, की वाचायला भिंग लागावे. साहजिकच वडीलधाऱ्यांच्या नजरेपासून मजकूर सुरक्षित राही. ऑगस्ट १८३० मध्ये या चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या लेखनाची सूची केली, तेव्हा त्यात २२ पुस्तके होती.

वय वाढले तसा नायकही बदलला. वेलिंग्टन मागे पडून त्याचा पुत्र आर्थर कथांच्या केंद्रस्थानी आला. ड्यूकच्या खऱ्या मुलाचे केवळ नाव घेऊन शार्लटने त्याला ‘झामोर्ना’ केले. बायरनच्या काव्याची छाया पडलेला हा देखणा, गर्विष्ठ आणि प्रेमात निष्ठूर पुरुष ‘अँग्रिया’ या नव्या राज्याचा राजा झाला. या राज्याचे राजकारण व युद्धे ब्रॅनवेलने, तर प्रेम आणि कारस्थाने शार्लटने लिहावीत, अशी वाटणी होऊन गेली.

१८३५ मध्ये तिने रो हेड येथील शाळेत शिक्षिकेची नोकरी पत्करली. दिवसभर व्याकरण शिकवायचे आणि मन मात्र अँग्रियात, अशी ही ओढाताण होती. फुरसतीच्या क्षणी ती डोळे मिटून कागदावर लेखणी चालवी. विद्यार्थिनीच्या हाकेने स्वप्न मोडले, की तिला संताप येई आणि पाठोपाठ अपराधी वाटे. अखेर तिने राजकवी रॉबर्ट साउदी यांना आपल्या कविता पाठविल्या. मार्च १८३७ मध्ये उत्तर आले. तिच्या प्रतिभेची त्यांनी दखल घेतली, परंतु साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, असे बजावले. दिवास्वप्नांच्या धोक्याचीही सूचना दिली. पत्र तिने जपून ठेवले. लेखन थांबविले नाही.

१८३९ च्या सुमारास मात्र तिने स्वतःहून अँग्रियाचा निरोप घेतला. जुनी पात्रे सोडणे म्हणजे घरच्या माणसांना सोडून परक्या देशात जाण्यासारखे आहे, याची कबुली तिने लिहून ठेवली आहे. पुढचा मार्ग सोपा नव्हता. १८४६ मध्ये तिघी बहिणींनी पुरुषी टोपणनावांनी पदरमोड करून छापलेल्या कवितासंग्रहाच्या वर्षभरात दोनच प्रती खपल्या. ‘द प्रोफेसर’ ही तिची कादंबरी एकामागून एक प्रकाशकांनी परत केली. ऑक्टोबर १८४७ मध्ये ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटले. तिच्यातील रॉचेस्टरच्या ठायी झामोर्नाची खूण पटते. परंतु त्याच्यासमोर आता ताठ मानेने उभी राहणारी, गरीब आणि सामान्य रूपाची नायिका आहे. ती उसनी नव्हती.

यश आले, पण सोबती उरले नाहीत. सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या नऊ महिन्यांत ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन तिघेही गेले. या वेळी कोणाला उठवून उभे करणे तिच्या हाती नव्हते. जून १८५० मध्ये लंडनच्या एका प्रार्थनामंदिरात तिला वृद्ध वेलिंग्टनचे दर्शन घडले, तेव्हा ज्यांच्याशी तो आनंद वाटून घ्यावा, ती भावंडे हयात नव्हती. १८५४ मध्ये तिने आर्थर बेल निकोल्स यांच्याशी विवाह केला आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

तिचे चरित्र लिहिताना एलिझाबेथ गॅस्केल यांच्या हाती चिमुकल्या हस्तलिखितांचे पुडके आले आणि १८५७ मध्ये या गुप्त राज्याची वार्ता जगाला कळली. त्यांतील १८३० सालचे एक मासिक नोव्हेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ब्राँटे सोसायटीने ६ लाख युरोंना विकत घेतले. लाकडी शिपायांसाठी शिवलेले ते पुस्तक अशा रीतीने हॉवर्थच्या त्याच घरी परत आले.