जुन्या प्रवाशांचा कैवारी : आदोल्फ द प्लेवित्झ

दर वर्षी २ नोव्हेंबर उजाडला की आपण आप्रवासी घाटाची आठवण करतो. १८३४ साली त्या दिवशी ‘अॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले, तेथून आपल्या बेटाच्या नव्या इतिहासाचा आरंभ झाला, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. आपले पूर्वज पुढे मुंबई बंदरातून आले आणि सरकारी वहीत, मग ते रत्नागिरीचे असोत की सावंतवाडीचे, ‘मुंबईवाले’ म्हणूनच त्यांची नोंद झाली, हेही घरोघरी ठाऊक आहे. परंतु करार पुरा झाल्यावर त्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला तर मुले गप्प बसतात. त्यांचा दोष नाही. आपणही मोठ्या माणसांनी हा प्रश्न क्वचितच विचारला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या चरित्रातून मिळते, ते गृहस्थ भारतीय नव्हते. त्यांचे नाव आदोल्फ द प्लेवित्झ. आज त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

प्लेवित्झ यांचा जन्म १८३७ साली पॅरिस शहरी झाला. वडिलांकडून घराणे प्रशियाचे, म्हणजे जर्मन. वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, १८५८ साली, ते मॉरिशसला आले. तेव्हा तेही प्रवासीच होते, हे ध्यानात ठेवावे. ज्या समुद्राने आपले पणजोबा-खापरपणजोबा आणले त्याच समुद्राने त्यांनाही आणले. मात्र त्यांच्या हातात करार नव्हता, गळ्यात नंबर नव्हता, आणि बंदरावर उतरल्यावर कोणत्या मालकाकडे जायचे हे त्यांना कोणी सांगितले नाही. येथे त्यांचे लग्न झाले आणि मोका जिल्ह्यातील नुव्हेल देकुव्हेर्त या सासऱ्यांच्या मळ्याचा कारभार त्यांच्याकडे आला. सुखाने राहावे, साखरेच्या पैशावर म्हातारपण काढावे, असा सारा योग जुळून आला होता.

त्या वेळी बेटाची स्थिती कशी होती हे थोडे पाहिले पाहिजे. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढे काही वर्षांत मुक्त झालेले लोक ऊसमळे सोडून गेले. मळेवाल्यांनी भारतातून मजूर आणण्याचा सपाटा लावला. एकट्या १८४३ सालात तीस हजारांहून अधिक माणसे उतरली. १८७१ सालच्या शिरगणतीत बेटावरील ३ लाख १६ हजार लोकवस्तीपैकी सुमारे २ लाख १६ हजार भारतीय वंशाचे होते. साखरेचे उत्पादन वर्षाला लाख टनांच्या वर गेले. कारखान्यात वाफेची यंत्रे आली, १८६४ पासून आगगाडी धावू लागली. पण शेतात मात्र कुदळ, कोयता आणि डोक्यावरची मोळी हेच चालू राहिले. बांधलेले हात स्वस्तात मिळत असता शेतीसाठी यंत्राचा खर्च कोण करतो? यंत्र शिरले ते कारखान्याच्या दारापर्यंत. त्याच्या बाहेर माणूसच यंत्र होता.

नव्या मजुराला महिना पाच रुपये आणि शिधा, हा ठरलेला दर. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात या ‘दुहेरी कापणी’चा उल्लेख आम्ही लहानपणी ऐकला होता, अर्थ मात्र फार पुढे कळला.

पण करार संपतो. पाच वर्षे भरली की तो माणूस कायद्याने मोकळा होई आणि त्यास ‘जुना प्रवासी’ म्हणत. हा जुना प्रवासी आता भोळा राहिलेला नसे. त्याला क्रिओल बोली येऊ लागलेली असे, कोणता मालक पगार वेळेवर देतो आणि कोणता बुडवतो हे तो जाणून असे. कोणी भाजीपाला लावी, कोणी दूध घाली, कोणी बैलगाडी हाकी, कोणी फेरीवर जाई. आणि मळ्यावर परत जायचेच झाले तर तो आपला दर स्वतः सांगे.

मळेवाल्यांना खुपले ते हेच. बेटावर माणसे कमी होती असे नव्हे. कमी होती ती मिळेल त्या मजुरीत राबणारी माणसे. १८६०च्या दशकात साखरेच्या धंद्याला मंदी लागली, हिवतापाच्या भयंकर साथीत हजारो लोक मेले, १८६८ साली मोठे वादळ झाले. मालकांना खर्च कमी करायचा होता. त्यांना सोपा वाटलेला मार्ग असा की नवे मजूर तर आणावेतच, पण जुन्यांनाही पुन्हा करारात ढकलावे.

१८६७ चा मजूर कायदा त्याचसाठी उपयोगी पडला. मळ्यावर करारात नसलेल्या प्रत्येक जुन्या प्रवाशाने आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगलाच पाहिजे, असा नियम झाला. फोटोग्राफी ही त्या काळची नवलाची विद्या. युरोपात लोक हौसेने घरच्यांच्या तसबिरी काढून घेत होते, येथे त्याच विद्येचा उपयोग माणूस ओळखून पकडण्यासाठी झाला. पास एका जिल्ह्यापुरता. मोक्याचा माणूस भाजीची टोपली घेऊन पोर्ट लुईच्या बाजारात निघाला तर जिल्ह्याची सरहद्द ओलांडण्याआधी त्याला कागद दाखवावा लागे. कागद नसला किंवा त्यात चूक निघाली तर तो ‘भटक्या’ ठरे आणि तुरुंगाची वाट धरी. तिकीट हरवले तर नवे काढण्यास पोर्ट लुईला जावे लागे, आणि तिकीट नसता पोर्ट लुईला जाणे हाच गुन्हा! या कचाट्यातून सुटण्याचा एकच खात्रीचा उपाय होता. पुन्हा एखाद्या मळ्याच्या करारावर अंगठा उठवावा.

प्लेवित्झ हे सारे मालकाच्या ओसरीवरून पाहत होते. त्यांच्या परिसरात राहणारे जुने प्रवासी आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे येत. कोणी बाजारातून येताना धरला गेला, कोणाला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवले, कोणाची मजुरी महिनोन् महिने थकली. स्वतः प्लेवित्झ मोक्याहून पोर्ट लुईला घोड्यावर वा गाडीने हवे तेव्हा जात. त्यांना कोणी कागद विचारीत नसे. तेही परदेशातून आलेले, हेही परदेशातून आलेले. हा भेद त्यांच्या मनाला लागला असावा.

१८७१ साली सर आर्थर गॉर्डन हे नवे गव्हर्नर आले. ते नव्या दृष्टीने पाहतील या आशेने प्लेवित्झ यांनी जुन्या प्रवाशांचा अर्ज तयार केला. अर्ज इंग्रजीत, आणि ज्यांच्या वतीने करायचा त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नाही. येथे राजारत्नम मुदलियार या तमिळ गृहस्थाचे मोठे साहाय्य झाले. अर्जातील मजकूर लोकांना त्यांच्या भाषेत समजावून देणे आणि सह्या गोळा करणे या कामी ते प्लेवित्झ यांच्याबरोबर राहिले. त्या वर्षी जून महिन्यात अर्ज गव्हर्नरांकडे गेला तेव्हा त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. पासाशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात पाऊल टाकता येत नसता इतकी माणसे एका कागदावर एकत्र आली, हे आम्हास आजही आश्चर्याचे वाटते. अर्जासोबत प्लेवित्झ यांनी आपली निरीक्षणे पुस्तिकारूपाने छापून प्रसिद्ध केली.

मग व्हायचे तेच झाले. मळेवाल्यांत संतापाची लाट उसळली. आपल्यातला माणूस आपल्यावरच उलटला, असे त्यांना वाटले. पोर्ट लुईच्या रस्त्यात भरदिवसा त्यांच्यावर हल्ला झाला. शेकडो प्रतिष्ठितांनी सह्या करून त्यांना बेटाबाहेर काढावे अशी मागणी गव्हर्नरांकडे केली. गॉर्डन यांनी ती मानली नाही. मात्र समाजाने टाकलेल्या माणसाचे जिणे किती कठीण असते, हे लहान बेटावर राहणाऱ्या आपणांस सांगायला नको. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाचा पाहुणा लागतो, तेथे विरुद्ध बाजूस एकटे उभे राहणे सोपे नाही.

अर्ज वाया गेला नाही. आधी पोलिसांच्या वर्तनाची चौकशी झाली आणि १८७२ साली लंडनहून राजाज्ञेने नेमलेले चौकशी मंडळ आले. त्याचे दोन सभासद : विल्यम एडवर्ड फ्रिअर आणि व्हिक्टर विल्यमसन. यांतील फ्रिअर यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झालेली. ज्या प्रांतातून आपली माणसे निघाली, तो प्रांत पाहिलेला अधिकारी येथे त्यांची स्थिती तपासायला आला होता. मंडळाने मळे पाहिले, वह्या तपासल्या, साक्षी घेतल्या. १८७५ साली मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. प्लेवित्झ यांच्या पुस्तिकेत काही ठिकाणी अतिशयोक्ती आहे, असे मंडळाने स्पष्ट नोंदविले. तेही आम्ही लपवीत नाही. पण मुख्य तक्रारी खऱ्या ठरल्या. पासांचा जाच, पोलिसांची धरपकड, थकलेली व कापलेली मजुरी, दवाखान्यांची दुर्दशा, सारे कागदावर आले.

शिक्षकाच्या नजरेने पाहता अहवालातील आणखी एक गोष्ट मनात घर करते. भारतीय मुलांपैकी शाळेत जाणारी मुले अगदी थोडी होती. मुलांना शाळेत घालण्याचा कायदा १८५७ सालीच झाला होता, पण तो कागदावरच राहिला. ज्याचा बाप तिकिटावरील चार ओळी वाचू शकत नाही, त्याच्या मुलालाही त्या वाचता येऊ नयेत अशी जणू व्यवस्थाच होती. पासात चूक आहे की नाही हे ज्याला वाचता येत नाही, त्याला शिपाई सांगेल तेच खरे मानावे लागते. अक्षरओळख नसणे ही सुद्धा एक बेडीच होती.

१८७८ साली नवा मजूर कायदा झाला. जुन्या प्रवाशांवरील बंधने पुष्कळ सैल झाली. दुहेरी कापणी मात्र चालूच राहिली. १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर येथे आले तेव्हाही तिच्याविरुद्ध बोलावे लागत होते. पण एक दार उघडले ते पुन्हा पुरते बंद झाले नाही. माणूस मोकळेपणी हिंडू लागला तसा तो काम निवडू लागला. पुढे साखरेच्या मंदीत मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा पै-पै साठवलेल्या जुन्या प्रवाशांनी ते विकत घेतले. मजुराचा लहान शेतकरी झाला, आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती पाटी आली. आमच्यासारखे शिक्षक त्याच पाटीचे ऋणी आहेत.

हे सारे बघायला प्लेवित्झ येथे राहिले नाहीत. मन आणि पैसा दोन्ही खर्ची पडल्यावर त्यांनी मॉरिशस सोडले व ते प्रशांत महासागराकडे फिजीला गेले. दैवाची गंमत अशी की सर आर्थर गॉर्डनही तेथेच गव्हर्नर होऊन गेले होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १८७९ साली ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर फिजीत उतरले. ज्या गव्हर्नरांनी येथे मजुरांची दाद घेतली, त्यांनीच तेथे तीच पद्धत सुरू केली. प्लेवित्झ १८९३ साली वारले, मॉरिशसपासून फार दूर.

त्यांच्या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? मजुरी कमी राहते ती नव्या माणसांच्या येण्याने, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्यात काही तथ्य नाही असे नव्हे. नवे हात आले की जुन्याला भाव कमी मिळतो. परंतु मॉरिशसचा इतिहास सांगतो की खरी पकड निराळीच होती. नवा माणूस मालक बदलू शकत नव्हता आणि जुना माणूस जिल्हा बदलू शकत नव्हता. दोघेही बांधलेले म्हणून दोघांचीही किंमत पडलेली. प्लेवित्झ यांनी नव्या मजुरांना दोष दिला नाही. त्यांनी दोरीकडे बोट दाखविले.

आज आपल्या बेटावर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातूनही कामगार येतात. कापडाच्या कारखान्यांत, इमारतींवर, पावाच्या भट्ट्यांवर ते राबतात. त्यांचा कामाचा परवाना मालक काढतो. आता त्या कारखान्यांचे मालक, मुकादम, हिशेबनीस यांत आपली मुलेही आहेत. बाजारात त्यांच्याविषयी आपल्याच लोकांचे बोलणे आम्ही ऐकतो तेव्हा मान खाली जाते. १८७१ साली मळेवाले आपल्या पणजोबांविषयी याहून निराळे बोलत नव्हते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत प्रवाशांच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत छायाचित्रेही आहेत. धरपकडीसाठी काढलेले ते चेहरे आज घरच्या देव्हाऱ्याशेजारी लावण्याजोगे झाले आहेत. ज्यांनी अजून आपल्या पूर्वजाची नोंद पाहिली नसेल त्यांनी एकदा मुलांना घेऊन जरूर जावे. आणि त्या चेहऱ्यासमोर उभे राहून मुलांना हेही सांगावे की या माणसाच्या बाजूने एकदा एक परका उभा राहिला होता. आज कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे मग मुलेच आपल्याला विचारतील.