रुतलेले गलबत

संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे मागितले होते ते माझ्या कादंबरीतले एक प्रकरण. ती कादंबरी मी एफ.वाय.च्या सुटीत हाती घेतली आणि चौसष्टाव्या पानावर ती जी थांबली, ती दोन वर्षे तिथेच आहे. गोष्ट ठाऊक आहे, शेवटही ठाऊक आहे. वाक्य तेवढे पुढे सरकत नाही. म्हणून प्रकरणाऐवजी जोसेफ कॉनरॅडची हकीकत देतो. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ती मला सांगितली, बहुधा माझी कीव येऊन.

कॉनरॅड पोलिश. जन्म १८५७ चा. वडील रशियन सत्तेविरुद्ध उभे राहिले, त्यांना सहकुटुंब हद्दपारी झाली. आधी आई गेली, मग वडील. अकराव्या वर्षी पोर पोरके झाले. सोळाव्या वर्षी त्याने मार्सेय गाठले व तो खलाशी झाला. इंग्रजी तो शिकला विशी उलटल्यावर! १८८४ साली आपल्या मुंबई बंदरातून तो ‘नार्सिसस’ जहाजावर अधिकारी म्हणून निघाला होता, हे मला फार उशिरा कळले.

दोन कादंबऱ्या छापून झाल्यावर, १८९६ साली, नव्या नवरीला घेऊन तो फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर राहायला गेला आणि तिथे त्याने ‘द रेस्क्यू’ सुरू केली. मलाय समुद्रातला कप्तान लिंगार्ड याने एका पदच्युत राजपुत्राला राज्य परत मिळवून देण्याचा शब्द दिला आहे. नेमके तेव्हाच गोऱ्या लोकांचे एक गलबत उथळ पाण्यात रुतते. शब्द पाळावा की गलबत वाचवावे? गलबताबरोबर लेखकही रुतला. दिवसच्या दिवस टेबलापाशी बसायचे आणि हाती चार ओळी. मित्र एडवर्ड गार्नेट याला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत नुसता आक्रोश आहे. १८९८ मध्ये तर तो ग्लासगोला जाऊन पुन्हा जहाजावर नोकरी शोधू लागला. मिळाली नाही, हे आपले नशीब.

कारण या अडलेल्या कादंबरीला चुकवण्यासाठीच जणू त्याने बाकीचे लिहिले. मुंबईहून निघालेल्या त्या सफरीवरची कादंबरी १८९७ ची. मग मार्लो सापडला, स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगणारा खलाशी. आणि ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, ‘लॉर्ड जिम’ एकापाठोपाठ आल्या. ‘द रेस्क्यू’ पेटीतच राहिली.

१९१८ च्या उन्हाळ्यात त्याने ती नेटाने पुन्हा हाती घेतली. वय साठ, संधिवाताने हात धरलेला, थोरला मुलगा बॉरिस फ्रान्समध्ये लढाईवर. लिहिण्याऐवजी तो मजकूर सांगे व टंकलेखिका उतरून घेई. जुन्या हस्तलिखितातले पुष्कळ त्याने काढून टाकले. १९१९ च्या जानेवारीत एका साप्ताहिकात ती क्रमशः सुरूही झाली, आणि शेवट अजून लिहायचाच होता! मे महिन्यात तो झाला. १९२० साली पुस्तक निघाले. प्रस्तावनेत त्याने स्वच्छ सांगितले आहे की, गोष्टीविषयी त्याला शंका कधीच नव्हती. ती कशी सांगावी, हे उमगत नव्हते.

कादंबरी त्याची सर्वोत्कृष्ट नव्हे. मला स्वतःला मधले संभाषण फार लांबलेले वाटले, आणि तरुण कॉनरॅडने ते तसे लिहिले नसते असेही वाटले. वीस वर्षांनी परतणारा माणूस निघून गेलेलाच असतो असे थोडेच आहे? सरांचे मत वेगळे आहे. त्यांना शेवटच्या भागातला लिंगार्डचा थकवा साठीतल्या कॉनरॅडखेरीज कोणाला लिहिता आला नसता असे वाटते. आमचा हा वाद मिटलेला नाही.

१९२४ च्या ऑगस्टमध्ये कॉनरॅड वारला, तेव्हा नेपोलियनच्या काळावरची आणखी एक कादंबरी अपुरीच होती.

दिवाळीत मी माझी वही काढली. आजोबांच्या खटल्याची गोष्ट मी आजवर त्रयस्थासारखी सांगत होतो. आता आजीच्या तोंडून सांगून पाहतो आहे. पहिली अकरा पाने फाडली. पासष्टावे अजून कोरेच आहे.